संपलं म्हणायची वेळ

इंग्रजी शिकवायला लागून मला बावीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी मी फ्रेझल व्हर्बशी भांडण्यात घालवली. नुसतं 'रन' म्हणजे पळणे, हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. त्याला 'आऊट' चिकटलं की शिक्षकाची पंचाईत सुरू होते. भिवंडीतल्या आमच्या मराठी शाळेत नववीच्या फळ्यावर मी 'रन आऊट' लिहिलं की मागच्या बाकांवरून दोन-तीन बोटं पंचासारखी वर जातात. क्रिकेटने ह्या शब्दाचा एकच अर्थ पोरांच्या डोक्यात इतका पक्का बसवलाय की त्यांना तिथून हलवताना नाकी नऊ येतात.

मग मी सांगायला लागते. दूध रन आऊट होतं, म्हणजे संपतं. पेपरात वेळ रन आऊट होतो. लायसन्सची मुदत संपली तरी हेच म्हणतात. माणसाचा धीर सुटला की त्याचा पेशन्स रन आऊट झाला. कोणी घाबरून घराबाहेर धावत सुटलं तरी रन आऊट, आणि पुढे 'ऑन' लावलं की घरच्यांना वाऱ्यावर सोडून निघून जाणं. हा शेवटचा अर्थ मी नववीला सांगत नाही. वर्गात अशा घरातली एक-दोन मुलं दर वर्षी असतातच.

वाक्यं मात्र मी पुस्तकातली घेत नाही. तुमच्या घरात ह्या आठवड्यात काय संपलं ते सांगा, असं विचारते. एकदा एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी काही संपतच नाही. आई म्हणते, संपलं म्हटलं की बरकत जाते."

"मग तुझी आई काय म्हणते?"

"भरायला झालं, म्हणते."

"इंग्रजीत बिनधास्त म्हण. लक्ष्मीला इंग्रजी येत नाही," मी म्हणाले. वर्ग खो खो हसला. मी अशी बोलते. वर्गात टाळ्या मिळतात, त्यामुळे सवय जात नाही. पण त्या मुलीची आई मला अनोळखी नव्हती, तशीच एक बाई माझ्या घरात होती.

माझ्या सासूबाई पडघ्याजवळच्या एका गावातल्या. जन्म शेतात गेला. सासरे वारल्यावर त्या आमच्याकडे काल्हेरला राहायला आल्या, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. नवरा जवळच्याच एका गोदामात स्टॉकचं काम बघतो. दुपारी एकला ड्युटीला जातो आणि परत येतो तोवर आम्ही दोघी झोपलेल्या असतो. म्हणजे घरात खरा संसार होता तो माझा आणि सासूबाईंचा.

मी भिवंडी शहरातल्या कारकुनाची मुलगी. माझ्या माहेरी स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगलेली असायची. साखर संपली की वडील तिच्यात लिहायचे, 'साखर संपली.' विषय मिटला. सासूबाईंचं तसं नव्हतं. घरातून कोणी बाहेर पडत असताना 'न्हाय' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मागून हाक मारायची नाही. कुठे निघालीस विचारायचं नाही, आणि चुकून विचारलं गेलंच तर निघणाऱ्याने परत आत यायचं, दोन मिनिटं टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग नव्याने निघायचं. दिवेलागणीचा नियम आणखी कडक. दिवा लागला की कसलीच उणीव बोलायची नाही. मीठ, हळद, तेल यांची तर नावंसुद्धा घ्यायची नाहीत.

पण घर तर चालवायचं होतं. म्हणून त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. जी वस्तू संपली तिची रिकामी पिशवी पुसून, चौकोनी घडी घालून त्या सकाळी माझ्या पर्सशेजारी ठेवायच्या. कधी चहाची, कधी जिऱ्याची, कधी रक्तदाबाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी. तोंडातून अक्षर नाही. मी ती घडी पर्समध्ये टाकायची आणि येताना वस्तू आणायची. पहिल्या वर्षी मला ह्याचं इतकं कौतुक होतं की मैत्रिणींना सांगत सुटले होते. औषधं तर पूर्णपणे माझ्याकडेच होती. एकदा त्यांनी मुलाला आणायला सांगितलं आणि त्याने वेगळ्याच ताकदीच्या गोळ्या आणल्या. तेव्हा मी दोघांनाही झाडलं होतं. औषधाचं कोणी बघायचं नाही, ते मी बघेन, असं ठणकावून सांगितलं होतं.

कौतुक किती दिवस पुरणार? गेल्या वर्षी फेब्रुवारीतली सकाळ. शाळेत तपासणी होती, मी पांढरा ड्रेस घातला होता आणि आधीच उशीर झाला होता. पर्स उचलली तर शेजारची हळदीची पिशवी ओढणीला घासली. एवढी पुसलेली पिशवी, तरी कोपऱ्यात चिमूटभर हळद राहिलीच होती. पांढऱ्या ओढणीवर पिवळा फराटा उठला.

"आई, हे काय आहे? रोज सकाळी हा कचरा माझ्या पर्सजवळ का?"

"हळद भराची हाय, बाय," त्या हळूच म्हणाल्या.

"मग तोंड आहे ना? तोंडाने सांगा. उद्यापासून हे कागदाचे कपटे इथे नकोत. आणि मी निघायच्या घाईत असताना तर काहीच नको. संध्याकाळी सांगत जा निवांत."

त्यांनी पिशवी उचलली, पुन्हा घडी घातली आणि मुठीत धरून उभ्या राहिल्या. "बरा," म्हणाल्या. मी ओढणी बदलली आणि जिना उतरले. त्या दिवशी स्टाफरूममध्ये मी हा किस्सा रंगवून सांगितला. "माय पेशन्स हॅज रन आऊट," म्हणाले, आणि सगळ्या हसल्या. एकीने तर आपल्या सासूचा किस्सा सांगून माझ्यावर कडी केली. मधल्या सुट्टीत आम्हाला दुसरं काही लागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून पर्सशेजारची जागा मोकळी दिसायला लागली. मला वाटलं, चला, एकदाचा सुंठीवाचून खोकला गेला. एकदा आमटीच्या फोडणीत मोहरी नव्हती. एकदा सलग तीन दिवस चहात आलं नव्हतं. मला ते जाणवलं, नाही असं नाही. पण जाणवलं आणि मी जेवून उठले. विचारलं असतं तर मलाच दुकानात जावं लागलं असतं.

मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा लागली. मला सुपरव्हिजनसाठी पडघ्याचं केंद्र मिळालं होतं. नाशिक रस्त्यावर कंटेनरची रांग कधी लागेल याचा नेम नसतो, म्हणून मी सकाळी आठलाच घर सोडायची. पेपर सुटल्यावर भिवंडीत शाळेत यायचं, नववीच्या वार्षिक परीक्षेची तयारी बघायची आणि काल्हेरला पोचायचं ते दिवेलागणीला. घरात शिरले की सासूबाई देवापुढे हात जोडून उभ्या दिसायच्या. मी चहा घ्यायची आणि घटक चाचणीचे गठ्ठे घेऊन आतल्या खोलीत बसायची. तपासत असताना मला कोणी हाक मारायची नाही, हा माझा जुना नियम. एक हाक आली की बेरीज चुकते, असं माझं म्हणणं. मी बाहेर येईपर्यंत त्या जेवून, माझं ताट झाकून अंथरुणावर पडलेल्या असायच्या.

त्यांच्या गोळ्या एका बिस्किटाच्या जुन्या डब्यात असत. सकाळी चहानंतर एक. परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी, शेवटची गोळी त्यांनी घेतली. हे मला त्या सोमवारी माहीत नव्हतं, मंगळवारी नव्हतं, शुक्रवारीही नव्हतं. माझ्या हिशेबाने अजून एक पट्टी असायला हवी होती. तो हिशेब कुठून आला होता देव जाणे. मी डबा उघडून पाहिला नव्हता.

शनिवारी मी केंद्रावर होते. मोबाइल बाहेर जमा केलेला. पेपर सुटल्यावर हातात घेतला तर नवऱ्याचे अकरा आणि शेजारच्या काकूंचे चार मिस्ड कॉल. सासूबाई भाकरी थापायला बसल्या होत्या, आणि डावा हात परातीत पडला तो उचलेनाच. ओठ एका बाजूला ओढला होता. नवरा सुदैवाने अजून घरात होता. त्याने आणि शेजारच्या दोन बाप्यांनी त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली उतरवलं आणि ठाण्याला दवाखान्यात नेलं.

मी थेट तिकडे निघाले होते, पण वाटेत नवऱ्याचा फोन आला. डॉक्टरांना जुने कागद हवेत, चालू औषधं कोणती ते बघायचंय, घरून घेऊन ये. मी काल्हेरला उतरले. परातीत पीठ तसंच होतं, वाळून भेगा पडलेलं. फाइल मिळाली. मग बिस्किटाचा डबा काढला. आत गोळ्यांची एकच पट्टी होती. दहाच्या दहा कप्पे फोडलेली, पुसलेली, चौकोनी घडी घातलेली. ठेवायला जागा उरली नाही म्हणून ती डब्यातच राहिली होती.

मी ओट्याला धरून उभी राहिले आणि दिवस मोजले, बोटांवर, पहिलीतल्या पोरासारखे. किती दिवस गेले असतील ते तेव्हा कळणार नव्हतं, पण ती पट्टी काल-आजची नव्हती हे मला कळत होतं. फाइल पिशवीत टाकली. पट्टी पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली आणि चेन लावली. का, ते तेव्हा माझं मलाही सांगता आलं नसतं. आता सांगते. नवऱ्याला दिसू नये म्हणून.

सासूबाई शुद्धीवर होत्या. बोलणं जड झालं होतं पण कळत होतं. डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी कागद चाळले आणि विचारलं, "गोळ्या रोज चालू होत्या ना?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. औषध माझ्याकडे, हे त्याला पाठ होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण त्याआधी पलंगावरून आवाज आला.

"मीच इसरली. चार-पाच दिस झालं."

"आई!" नवरा म्हणाला. त्याचा आवाज इतका चढला की पलीकडच्या पेशंटची नातेवाईक वळून बघायला लागली. "किती वेळा सांगितलं तुला? एक गोळी घ्यायची असते दिवसातून, एक! ती बिचारी शाळा सांभाळून तुझी औषधं आणते, आणि तुला साधं गिळायचं लक्षात राहत नाही?"

बिचारी म्हणजे मी. डॉक्टर म्हणाले, गोळी बंद झाली म्हणूनच हे झालं असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण बंद व्हायला नको होती. नवरा अजून बोलतच होता. घाबरला होता, म्हणून रागावला होता. सासूबाई छताकडे बघत ऐकून घेत होत्या. ती सगळी बोलणी माझ्या वाट्याची होती. मी पाण्याची रिकामी बाटली उचलली आणि भरायला बाहेर गेले. नळाशी बराच वेळ उभी राहिले. बाटली भरून वाहत होती तरी हटले नाही.

दहा दिवसांनी त्या घरी आल्या. पाय सुधारला, बोलणं पुष्कळसं सुटलं, डावा हात मात्र मनासारखा वळेना. मी सकाळची गोळी माझ्या हाताने द्यायला लागले. दर रविवारी डबे उघडून बघायला लागले, मिठापासून मोहरीपर्यंत. त्या बघत राहायच्या आणि काही म्हणायच्या नाहीत. त्यांच्या त्या गप्प राहण्याची मला भीती वाटायची. रागावल्या असत्या तर मला रडता तरी आलं असतं.

कोणीतरी सांगितलं, वज्रेश्वरीच्या गरम पाण्यात हात शेकवा. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले नुकसान काही नाही, पाणी जपून वापरा. एका रविवारी सकाळी नवऱ्याने गाडी काढली. आम्हा दोघींना कुंडापाशी बसवून तो देवीच्या दर्शनाच्या रांगेत गेला. मी लोट्याने पाणी काढून आधी माझ्या हातावर घेत होते, मग त्यांच्या हातावर सोडत होते. आजूबाजूला बायका पोरांना आंघोळी घालत होत्या, आरडाओरडा चालू होता. तेवढ्या गलक्यात मला विचारायचं बळ आलं.

"आई, गोळ्या संपल्यात हे मला सांगितलं का नाहीत?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलायचा विचार नव्हता तो. दिवस आठवत होत्या.

"सकालची तू निघाची. निघताना कसा बोलू? सांजला येवाची त दिवा लागलेला. मंग तू पेपर घेऊन बसाची. आनि कागद ठेवाचा न्हाय बोललेलीस." त्यांनी उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं सरळ केली. "मी सुट्टीची वाट बघत व्हती. बोललू, आयतवारी घरात असंल, दुपारची सांगू."

रविवारी दुपारी. शनिवारी त्या पडल्या. बाईने आठवडाभर रीतसर वेळ शोधली होती. तिच्या देवाने दोन वेळा बंद केल्या होत्या आणि उरलेल्या मी. मी रडायला लागले. लोटा हातातून सुटला आणि कुंडाच्या पायरीवर वाजला. शेजारच्या बाईने तो उचलून दिला.

"मी ह्यांना सांगते," मी म्हणाले. "आजच सांगते. तुम्ही विसरला नव्हतात, मी बघितलं नाही, हे सांगते. माझ्यामुळे तुम्ही बोलणी खाल्लीत."

"नको सांगू."

"का नको?"

"माझा पोरगा हाय. मना बोलला, मी इसरून गेली. तुला बोलला असता त तू इसरली नसतीस. तो पन इसरला नसता." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, पाण्याकडे बघत होत्या. "माझा हात जावाचा तो गेला. आता तुमच्यात कशाला काय लावतेस? ऱ्हाऊ दे."

समोरून नवरा प्रसादाची पुडी घेऊन येत होता. मी डोळे पुसले आणि पुन्हा लोटा भरला. त्यांचं म्हणणं मला पटलं म्हणून मी गप्प बसले असं लिहायला मला आवडलं असतं. ते मला पटलेलं नव्हतं, सोयीचं होतं. त्यांनी मला वाट काढून दिली आणि मी त्या वाटेने निघून गेले.

त्याला एक वर्ष होऊन गेलं. मी आजही नववीला ते दोन शब्द शिकवते, वाक्यं घेते, पण लक्ष्मीचा विनोद आता करत नाही. नवऱ्याला काहीही माहीत नाही. आईचा विसराळूपणा ही आता आमच्या घरातली थट्टा झाली आहे. पाहुणे आले की तो हमखास विषय काढतो. परवा त्याची बहीण आली होती. सासूबाई एका हाताने जेवत होत्या, मी त्यांच्या भाकरीचे तुकडे करून देत होते. तो बहिणीला म्हणाला, "आपल्या आईला सगळ्या गावाची लग्नं आठवतात, फक्त स्वतःची गोळी आठवत नाही." बहीण हसली. सासूबाईही हसल्या, म्हणाल्या, "म्हातारी झाली रं." मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मीही हसले.